पाठीला पाठ लावून

नित्या,

आता तरी मधे बोलू नकोस. हा विषय निघाला की तू मला एकदाही वाक्य पुरं करू दिलं नाहीस. "राहू दे ना ताई, मला माहितीय सगळं," म्हणून उठायचास, चहा टाकायचास नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवायचास. तुला काहीही माहीत नव्हतं. तू गेल्यावर हे लिहायला बसलेय, त्यात थोर काही नाही. समोरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, एवढीच सोय झाली आहे.

शिवाय घाई आहे. तुझी गार्गी पुण्याला जायचं नाही म्हणते. ज्या बँडनं तिला गायला बोलावलंय, ज्यांच्यासाठी तू स्वतः तिला नवी बॅग आणून दिलीस आणि "घरचं काही डोक्यात ठेवू नकोस" म्हणालास, त्यांना ती नकार कळवणार आहे. रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तिच्या आईनं, स्मितानं समजावलं, मी समजावलं. काल तिनं मलाच गप्प केलं. म्हणाली, "आत्या, तू नाही का बाबांसाठी थांबलीस? मग मी आईसाठी थांबले तर काय बिघडलं?"

म्हणजे ती गोष्ट तू लेकीलाही ऐकवलीस. 'ताईनं माझ्यासाठी अख्खं करिअर सोडलं.' तू ती हळदीच्या मांडवात माइकवरून सांगितलीस, विमा कंपनीतल्या तुझ्या ऑफिसात सांगितलीस, आपल्या धाकट्या बहिणीच्या, वर्षाच्या सासरी बडोद्याला जाऊन हिंदीत सांगितलीस. तुझ्या तेराव्याला आपल्या पूनम सागर सोसायटीतली जी जी माणसं आली, ती आधी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलली आणि मग माझ्याकडे वळून माझ्या त्यागाबद्दल बोलली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर माझ्यापुढे डोळे पुसले. गेलास तू, आणि सत्कार माझा चालला होता. मला रडू यायला हवं होतं, आला तो वैताग.

तेव्हा पहिल्यापासून सांगते. तूही नेहमी गणपतीपासूनच सुरू करायचास.

लालबागची खोली सोडून आपण मीरा रोडला आलो तेव्हा अण्णांच्या ऑफिसातले निम्मे लोक इकडेच जागा घेत होते. सोसायटीच्या पहिल्या गणपतीत करमणुकीचा कार्यक्रम ठरला आणि आईनं आपली तिघांची नावं दिली. वर्षाला कीबोर्ड येत होता, तुला नि मला गाता येत होतं, आणि आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा बरंच कमी येत होतं. भावगीतं झाली, अभंग झाला. मग समोरच्या बिल्डिंगमधल्या शहाकाकांनी सिनेमातल्या ड्युएटची फर्माईश केली. सगळे हो हो म्हणाले. अण्णा मात्र खुर्चीतून उठून स्टेजच्या मागे आले. त्यांचं म्हणणं असं की भावाबहिणीनं प्रेमाचं गाणं म्हणायला त्यांची हरकत नाही, गाणं ते गाणं; पण एकमेकांकडे बघून म्हणायचं नाही. बरं दिसत नाही.

मग तू पाण्याच्या टाकीकडे तोंड केलंस आणि मी सोसायटीच्या ऑफिसकडे. माइकच्या वायरी आखूड होत्या, त्यामुळे लांब उभं राहता येईना. शेवटी पाठीला पाठ लावून गायलो. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, तरी सुरुवात चुकली नाही, कारण तू श्वास घेतलास की तुझी पाठ फुगायची आणि मला कळायचं की आता हा उचलणार. खाली शिट्ट्या पडल्या. शहाकाका म्हणाले, "क्या स्टाइल है, यार." अण्णांच्या मर्यादेची अशी स्टाइल झाली. पुढे सगळं आपण तसंच उभं राहून गायलो. बघणाऱ्यांना ते फार आधुनिक वाटायचं.

बोरिवलीच्या एका कार्यक्रमात कॅसेट कंपनीचा माणूस आला होता. पॉपचे दिवस होते, ज्याच्या त्याच्या हातात गिटार होती, आणि त्याला मराठीत काहीतरी 'यंग' हवं होतं. पालकर भावंडं हे नाव त्याला भजनी मंडळासारखं वाटलं, म्हणून त्यानं आपलं 'पी थ्री' केलं. मॉलच्या तळघरात पार्किंगच्या खांबावर आता तेच लिहिलेलं असतं. गेल्या वर्षी तू अशाच एका खांबाखाली गाडी लावून मला फोटो पाठवला होतास, खाली लिहिलं होतंस, 'अखेर प्रसिद्धी.'

कॅसेटमधलं 'सिग्नल सुटला' हे एकच गाणं चाललं. त्याचं शूटिंग चेणे गावाला झालं, डोंगराच्या पायथ्याशी, रणरणत्या उन्हात. अण्णा छत्री आणि डबा घेऊन हजर. शेवटच्या ओळीला आपण दोघांनी वळून एकमेकांकडे बघून हसायचं, असं डायरेक्टरनं सांगितलं आणि घोडं अडलं. अण्णा म्हणाले, ये नहीं चलेगा, ये सगे भाई-बहन हैं. तो म्हणाला, अंकल, पब्लिक को क्या मालूम? अण्णा म्हणाले, कॅसेट पे लिखा है. मग वर्षाबरोबर नुसती गंमत बघायला आलेली तिची मैत्रीण तुझ्यासमोर उभी केली आणि माझ्यासमोर लाइटवाल्यांतला एक उंच मुलगा. परक्या मुलाकडे बघून मी हसलेलं अण्णांना चाललं. माझ्या त्या मुलाचं नावही मला कळलं नाही. तुझी मात्र स्मिता निघाली. पी थ्रीच्या सगळ्या कारकिर्दीत आपल्या घराला झालेला घसघशीत फायदा हा एवढाच.

केबलवर ते गाणं काही महिने लागलं. भाजीवाले ओळखायला लागले. दुसरी कॅसेट आली ती कुणाला कळलीच नाही, आणि तिसरी निघालीच नाही. वर्षा लग्न होऊन गेली, तिच्या जागी आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक आले. मग आपण उरलो ते हळदी, साखरपुडे, सोसायट्यांचे वर्धापनदिन यांच्यासाठी. तू हे सांगताना आवाज खाली आणायचास, जणू कुणी आजारी आहे. मला त्यात दुःखी होण्यासारखं काही दिसलं नाही तेव्हाही. डोंगरी गावातली ती हळद आठव. एक म्हातारी दोन गाणी झाल्यावर सरळ स्टेजसमोर येऊन उभी राहिली. "भांडान हाय का तुमचं? सख्खी भावंडं ना? मंग पाठ करून कशाला गाता? मना न्हाय बघवत." तू माइकवरूनच सांगितलंस, हो मावशी, लहानपणापासून आहे. तिला ते खरं वाटलं. तिनं गाणं थांबवलं, आपल्याला मांडवाच्या कडेला बसवलं, एका ताटात वाढलं आणि आपण एकमेकांना घास भरवल्याशिवाय उठू दिलं नाही. नवरी ताटकळत होती. तू मला मुद्दाम तिखट रश्श्यातला मोठा तुकडा भरवलास आणि ठसका लागून माझं पुढचं गाणं गेलं. घरी येईपर्यंत रिक्षात आपण खरोखर भांडत आलो. माझ्या लेखी तो उत्तम कार्यक्रम होता.

आता तो अंधेरीचा विषय.

अंधेरीला स्टुडिओ असलेल्या एका संगीतकारांनी निरोप पाठवला. बाईचा आवाज हवाय, एकटीचा, पूर्ण अल्बम. तू पेढे आणलेस. आईनं देवापुढे साखर ठेवली. तू मला म्हणालास, "ताई, तू जा. माझं बघू नको." मी तुझं बघतच नव्हते, मी साडी नेसू की ड्रेस घालू हे बघत होते. मी गेले. एक गाणं रेकॉर्ड झालं. ते खूश होते, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. घरी येऊन मी सांगितलं, मला नाही करायचं. तुम्ही सगळ्यांनी विचारलं का, मी म्हटलं, नको मला. झालं. तुझा चेहरा मला आजही दिसतो. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं अण्णांच्या देवघरात बघायचास. त्या क्षणी तू ठरवून टाकलंस की हे तुझ्यासाठी आहे, आणि त्यानंतर मी काय बोलले ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

दर दिवाळीला आपलं हे भांडण व्हायचं. मी म्हणायचे, अरे मला नकोच होतं. तू म्हणायचास, तू असं म्हणणारच, तू तशीच आहेस. आता यावर माणसानं काय बोलायचं? नाही म्हटलं तरी मी थोरच ठरत होते. आणि मग तू ते पट्टीचं सुरू केलंस. आधी आपण तुझ्या आणि माझ्या मधली पट्टी धरायचो, दोघांनाही थोडी गैरसोय. अंधेरीनंतर तू सगळे ट्रॅक माझ्या पट्टीत करून घेतलेस. पुरुषाला ती किती उंच पडते हे गाणाऱ्याला कळेल. शिरा ताणून गायचास. मी म्हटलं, उतरव रे थोडं. तू म्हणालास, "तुझा आवाज तिथे छान लागतो." विषय संपला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तू एरवी सगळ्या बाबतीत करायचास, फक्त याच बाबतीत तुझ्या तोंडून कधी तक्रार आली नाही.

हे एवढं लिहून ठेवून दिलं होतं. आता पुढचं.

शनिवारी गार्गी माझ्याकडे आली. मी मटार सोलत होते, तीही समोर बसून सोलायला लागली. उद्या फोन करून 'नाही' म्हणून सांगणार, म्हणाली. मी तिला म्हटलं, सांग, पण आधी अंधेरीला काय झालं ते ऐक. तिनं तुझ्यासारखंच तोंड उघडलं, "मला माहितीय गं आत्या." मी तिच्या हातातली शेंग काढून घेतली.

मग मी तिला सांगितलं. की स्टुडिओ थंडगार होता. की काचेच्या पलीकडे एक गृहस्थ हात वर करून खुणा करत होते. गाणं चांगलं होतं आणि मीही चांगली गायले, ते काही मी नम्रपणानं लपवणार नाही. एक ओळ झाली की थांबायचं, ते ऐकायचे, मग पुन्हा. मधल्या वेळात मी एकटी खुर्चीत बसून होते. कुणाशी भांडायचं नव्हतं, चुकलं तर कुणावर ढकलायचं नव्हतं. चहा चांगला होता. येताना रिक्षात बसले आणि गप्प आले.

गार्गीनं विचारलं, "मग? नक्की झालं काय?"

"मग मला कंटाळा आला."

"कंटाळा?"

"हो. मला तुझ्या बाबांबरोबर गायला आवडायचं. नुसतं गायला तेवढं नाही आवडायचं. याला त्याग म्हणतात का ते तू ठरव."

ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली आणि लगेच रडली, आणि मटारांत पाणी नको म्हणून मी वाडगं बाजूला घेतलं. मग नाक पुसून म्हणाली, "पण आत्या, मला नाही कंटाळा आला. मी तालमीला गेले ना त्यांच्याकडे, मला घरी यावंसंच वाटेना."

मी म्हटलं, "मग माझ्यासारखं वाग ना. मला जे पाहिजे होतं ते मी केलं. तूही कर."

रविवारी तिनं हो कळवलं. स्मिता तिला म्हणाली, मी काय म्हातारी झालेय का, माझ्याजवळ बसून काय करणार तू? नंतर स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ सोडून ठेवला, ते आम्ही दोघींनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. तर नित्या, तुझी गोष्ट मी मोडली. इतकी वर्षं तुझ्याशी भांडून जमलं नाही ते तुझ्या लेकीपाशी एका दुपारी जमलं. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, खरंच. मी घरी येऊन तुझ्या फोटोला तसं सांगितलंही, जरा चढ्या आवाजात.

आज बॅग भरायला मी तुझ्या घरी गेले होते. गार्गी खाली काहीतरी आणायला गेली होती. स्मिता तिच्या कुडत्यांच्या घड्या घालत होती. तिला गार्गीनं सगळं सांगितलं होतं. स्मिता म्हणाली, बरं झालं, पोर तरी मोकळी झाली, हे नाही झाले. मी विचारलं, म्हणजे? ती माझ्याकडे न बघताच बोलत राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब नव्हता, जुनी घरगुती गोष्ट सांगावी तसं सांगत होती. कार्यक्रम झाला की तू घरी बोलायचा नाहीस. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचास आणि खुणांनी जेवण मागायचास. डॉक्टरनं गळ्याला आराम द्या म्हणून सांगितलं होतं. ती कितीदा म्हणाली, आता बंद करा की, वय झालं.

"तर म्हणायचे," स्मिता म्हणाली, "ताईनं माझ्यासाठी सगळं सोडलं, आता मला पुरे झालं असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मग तिनं मला विचारलं, हा निळा कुडता ठेवू का, की थंडीला नको? मी म्हटलं, ठेव.

मी चालत घरी आले. रिक्षा केली नाही.

मी तुझ्यावर इतकी वर्षं चिडत आले ती स्वतःसाठी. मला तुझं ते ऋण नको होतं. भाऊ म्हणून नुसता असतास तर पुरे होतं, असं मला वाटायचं, आणि ते मी तुला अनेक तऱ्हेनं सांगायचा प्रयत्न केला. तुला ते पटलं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुला ते पटलं नाही म्हणून तू तिथे उभा राहिला असशील, हे कधी डोक्यात आलं नाही. माझ्या मागे तुझी पाठ होती, चेहरा नव्हता. तू हसत गातोयस की दात आवळून, ते समोरच्यांना दिसत होतं. मला फक्त तू श्वास घेतलास की कळायचं.

मला आठवतंय, तू रिक्षात गुणगुणायचास. कार्यक्रम ठरला की पहिला फोन तुझाच यायचा. डोंगरीला तू पोट धरून हसला होतास, ते काही कर्तव्य म्हणून नव्हतं. मी आज दुपारपासून अशी एकेक आठवण काढून बघतेय आणि प्रत्येक आठवण दोन्हीकडून बरोबर वाटते. वर्षाला फोन करावासा वाटला, मग केला नाही. तिला काय माहीत असणार? आणि स्मिताला पुन्हा विचारायची माझी हिंमत नाही.

माझ्याबद्दल तू जे समजत होतास ते चुकीचं होतं, हे मी शेवटपर्यंत सांगत राहिले. तुझ्याबद्दल मी काय समजते ते बरोबर आहे का, हे एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू उठून चहा टाकला असतास, ते मला माहीत आहे. तरी विचारते. मला फार मजा येत होती रे, नित्या. तुला येत होती का?